वाडी विकण्यापूर्वी चार प्रश्न

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी दुपारी दवाखान्याचे दार लोटण्याच्या बेतात होतो, तोच आप्पा आणि त्यांचा मुंबईत नोकरीला असलेला मुलगा आत आले. आप्पांना नऊ वर्षांपासून कंपवात आहे. पार्किन्सनचा आजार म्हणतात तो हाच. श्रीवर्धनच्या बाजूला त्यांची पोफळीची वाडी आहे. (खरे नाव आणि गाव अर्थातच देत नाही.)

मुलाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. खुर्चीत बसलेल्या एका माणसाचा हात थडथड उडतो आहे. मग त्याच्या छातीत बसवलेले यंत्र बाहेरून चालू करतात आणि पाहता पाहता हात शांत होतो. माणूस कप उचलून चहा पितो, थेंबही सांडत नाही.

"डॉक्टर, हे खरं आहे का?" मुलाने विचारले.

"खरं आहे," मी म्हणालो.

"मग आम्ही वाडी काढतो. गिऱ्हाईकही आलंय."

आप्पा काहीच बोलले नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांची निम्म्याहून अधिक झाडे आडवी झाली होती. त्यानंतर त्यांनी थरथरत्या हातांनी पुन्हा रोपे लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, हे बागायतदार वाचकांना मी सांगायला नको. ती रोपे आता कुठे फळाला येत आहेत.

मी 'विका' म्हणालो नाही आणि 'विकू नका' असेही म्हणालो नाही. त्यांना चार प्रश्न विचारले. आपल्या किनाऱ्यावर असे आप्पा अनेक घरांत आहेत, म्हणून तेच प्रश्न आज वाचकांपुढे ठेवत आहे. मी मेंदूचा तज्ज्ञ नव्हे, साधा एम.बी.बी.एस. पण तज्ज्ञाकडे जायचे की नाही, आणि केव्हा जायचे, हे बहुतेक वेळा आमच्यासारख्यांच्या टेबलाशीच ठरते.

हा आजार म्हणजे काय?

या आजाराचे पहिले नीट वर्णन १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी केले. तेही माझ्यासारखेच गल्लीतले डॉक्टर. त्यांनी सहा रुग्णांचे वर्णन लिहिले, आणि त्यांतले काही तर त्यांना रस्त्याने चालताना दिसलेले लोक होते. तपासणीची यंत्रे नव्हती, नजर मात्र होती.

मेंदूच्या तळाशी काळसर रंगाचा एक लहान पट्टा असतो. तेथील पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती सफाईने करणे आणि वेळेवर थांबवणे या कामांना हे रसायन लागते. या पेशी हळूहळू मरू लागल्या की स्वस्थ बसलेल्या माणसाचा हात थरथरतो, अंग ताठरते, चाल मंदावते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. सहसा सुरुवात एका बाजूने होते. मेलेल्या पेशी परत आणणारे औषध आजही नाही.

डोपामिनची उणीव भरून काढणारे औषध मात्र आहे. त्याचे नाव लेव्होडोपा. साठच्या दशकाच्या अखेरीस ते रुग्णांना मिळू लागले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. आपल्या कुंपणावर वाढणाऱ्या आणि अंगाला लागली की नाचवणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत हेच द्रव्य असते. मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्ये ते त्यातून वेगळे काढले. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बियांचा रुग्णांवर केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून कोणी घरी बिया कुटून खाऊ नयेत. एका चमच्यात औषध किती हे ठाऊक नसते, आणि गोळ्यांच्या जोडीला घेतल्यास मात्रा भलतीच वाढते.

शस्त्रक्रिया कोठून आली?

कंपावर मेंदूची शस्त्रक्रिया ही कालपरवाची गोष्ट नाही. चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचे १९४६ चे प्रसिद्ध छायाचित्र बहुतेकांनी पाहिले असेल. ते टिपणाऱ्या अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांना पुढे हाच आजार झाला. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. आयर्व्हिंग कूपर यांनी त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. त्या काळी मेंदूच्या आतला नेमका ठिपका कायमचा नष्ट करीत. कंप कमी होई. पण जे नष्ट केले ते परत येत नसे, आणि दोन्ही बाजूंना तसे केले तर बोलणे बिघडण्याचा धोका मोठा असे. लेव्होडोपा आल्यावर या शस्त्रक्रिया मागे पडल्या.

पुढे गोळ्यांच्याही मर्यादा कळल्या. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरतो आणि माणूस आखडतो. असर चढला की अंग आपोआप वळवळू लागते. मग शास्त्रज्ञ पुन्हा मेंदूकडे वळले. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे डॉ. अलीम-लुई बेनाबिद शस्त्रक्रिया करीत होते. योग्य जागा तपासण्यासाठी ते विजेचे सूक्ष्म स्पंद देत. स्पंद जलद केले की कंप थांबतो आणि बंद केले की परत येतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग जागा जाळायची कशाला? तार तेथेच ठेवून स्पंद चालू ठेवले तर? त्यातून 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' ही पद्धत उभी राहिली. लोक तिला मेंदूचा पेसमेकर म्हणतात.

तार कोठे ठेवावी, याचे उत्तर प्रयोगशाळेतून आले. अमेरिकेत डॉ. माहलन डीलाँग यांच्या आणि इंग्लंडमध्ये डॉ. टिपू अझीझ यांच्या चमूने १९९० च्या सुमारास कंपवातग्रस्त माकडांवर प्रयोग केले. मेंदूच्या तळातील जेमतेम सेंटिमीटरभराचे एक केंद्र या आजारात बेसुमार चेकाळलेले असते आणि ते शांत केले की हालचाल सुधारते, असे त्यांना दिसले. अझीझ मूळचे आजच्या बांगलादेशचे. पुढे ऑक्सफर्डला त्यांनी कंप आणि जुनाट वेदना या दोन्हींवर शस्त्रक्रिया केल्या. माकडांवरील प्रयोगांबद्दल त्यांच्यावर कडाडून टीका झाली आणि तिला ते उघडपणे उत्तर देत राहिले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केले. म्हणजे आपल्या किनाऱ्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर ही सोय पाव शतकाहून अधिक काळ आहे.

शस्त्रक्रियेत डोक्याला धातूची चौकट बसवून एम.आर.आय. आणि सी.टी.च्या आधारे जागेचे गणित मांडतात. कवटीला बोटाच्या टोकाएवढे छिद्र पाडून सव्वा मिलिमीटर जाडीची तार आत सोडतात. पुष्कळदा रुग्ण जागा असतो. मेंदूला स्वतःला दुखत नाही. डॉक्टर हात हलवायला, बोलायला सांगतात आणि तार योग्य जागी आहे ना ते पाहतात. नंतर गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत बॅटरी बसवतात. तिच्यातून सेकंदाला साधारण १३० स्पंद जात राहतात.

आता ते चार प्रश्न.

पहिला प्रश्न : आजार नक्की तोच आहे का?

थरथरणारा प्रत्येक हात कंपवाताचा नसतो. कप उचलताना, सही करताना हात कापतो पण मांडीवर ठेवला की शांत राहतो, तर तो बहुधा वेगळ्या जातीचा कंप असतो आणि त्याची औषधेही वेगळी असतात. कंपवातासारखे दिसणारे पण लेव्होडोपाला दाद न देणारे आजारही आहेत. त्यांत या शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही.

आणखी एक कारण आम्हा डॉक्टरांच्या लेखणीतून येते. चक्कर, मळमळ आणि पित्त यांसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रमाइड, लेव्होसल्पिराइड या औषधांनी, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात. माझ्याकडे एक आजी अशाच आखडून आल्या. पित्तासाठी दिलेली गोळी त्या वर्षभर नेमाने घेत होत्या. गोळी थांबवली आणि काही महिन्यांत आजी पुन्हा भाकऱ्या थापू लागल्या. तेव्हा तज्ज्ञाकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी. मनाने मात्र कोणतेही औषध एकदम बंद करू नये.

याच प्रश्नापाशी मला माझी चूकही सांगितली पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी आप्पा प्रथम आले तेव्हा त्यांचा उजवा अंगठा नुसता चाळवत होता. "वय झालं," असे म्हणून मी ताकदीच्या गोळ्या दिल्या. पुढच्या सव्वा वर्षात ते चार वेळा आले. सही बारीक होत गेली होती, चालताना उजवा हात हलत नव्हता, घरात सुकट भाजली तरी वास येत नाही अशी तक्रार होती. सगळे समोर होते आणि मी पाहिले नाही. शेवटी मुलाने त्यांना मुंबईला नेले, तेव्हा निदान झाले.

दुसरा प्रश्न : गोळीचा गुण येतो का?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि चित्रफितीत तो कोणी सांगत नाही. गोळीच्या भर असरात रुग्ण जेवढा बरा होतो, साधारण तेवढेच ही शस्त्रक्रिया त्याला दिवसभर टिकवून देते. कंपाची गोष्ट थोडी वेगळी आहे, तो गोळीला बधला नाही तरी तारेला बधू शकतो. पण ज्याला लेव्होडोपाने कधीच गुण आला नाही, त्याला तारेने चालवण्याची आशा धरू नये. म्हणून आधी चाचणी घेतात. रात्रीपासून गोळी बंद ठेवून सकाळी तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात आणि फरक मोजतात.

तिसरा प्रश्न : रुग्णाला सर्वांत जास्त काय छळते?

थरथर, ताठरपणा, गोळी उतरल्यावर आखडणे आणि चढल्यावर अंग वळवळणे यांना शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो. वारंवार पडणे, बोलणे अस्पष्ट होणे, विसराळूपणा, भास होणे यांना होत नाही. उलट स्मरणशक्ती आधीच ढासळली असेल तर शस्त्रक्रियेनंतर आणखी बिघडू शकते. शंभरात एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, काहींना तारेच्या किंवा बॅटरीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. आणि आजार आतून पुढे सरकतच राहतो. शस्त्रक्रिया तो थांबवत नाही.

म्हणूनच वेळेला फार किंमत आहे. ही 'शेवटचा उपाय' म्हणून करायची शस्त्रक्रिया नव्हे. जर्मनी आणि फ्रान्समधील २५१ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोळ्यांचा चढउतार नुकताच सुरू झालेले तुलनेने तरुण रुग्ण घेतले होते. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांचे रोजचे जगणे, केवळ गोळ्यांवर राहिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारले. आपल्याकडे मात्र लोक माणूस अंथरुणाला खिळला की 'आता काही तरी करू' म्हणून जमीन काढतात. तोवर शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. जमीन जाते आणि पदरी काही पडत नाही.

चौथा प्रश्न : नंतर कोण पाहणार?

खर्च आठ-दहा लाखांपासून पुढे जातो, आणि त्यात निम्म्याहून मोठा वाटा यंत्राचा असतो. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते, तिचा खर्च पुन्हा वेगळा. घरी चार्ज करता येणारी बॅटरी पुष्कळ जास्त टिकते, पण ती महाग असते आणि चार्ज करण्याची शिस्त लागते. पहिले काही महिने स्पंदांचे प्रमाण जुळवण्यासाठी वरचेवर जावे लागते. श्रीवर्धनहून मुंबई म्हणजे एस.टी.चे पाच-सहा तास. रुग्णाला धरून नेणारे माणूस कोण, त्याचा रोज किती बुडेल, हे आधी मांडून ठेवावे. फिजिओथेरपीत डायथर्मी नावाचा यंत्राचा शेक देतात. तार बसवलेल्या रुग्णाला तो कधीही देऊ नये, जिवावर बेतू शकते. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असावी. शासकीय योजनेतून किंवा धर्मादाय निधीतून काही मिळते का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आणि समाजसेवा विभागात करावी. जमिनीचे बोलणे त्यानंतर.

वेदनेचे काय?

हे वाचून कोणी विचारील, मेंदूत तार घालून जुनाट दुखणे थांबते का? अर्धांगानंतरच्या वेदना, कापलेल्या पायाच्या जागी होणाऱ्या वेदना यांसाठी असे प्रयत्न झाले आहेत, अझीझ यांनीही ते केले. काहींना आराम पडला, काहींना नाही, काहींचा थोड्या काळाने ओसरला. कंपाबाबत आज जेवढ्या खात्रीने बोलता येते तेवढे वेदनेबाबत बोलता येत नाही. गुडघ्याचे किंवा कंबरेचे दुखणे घेऊन कोणी या वाटेला जाऊ नये.

पण चेहऱ्याच्या एका बाजूला वीज चमकल्यासारखी कळ येणे, वाऱ्याची झुळूक लागली किंवा चूळ भरली तरी प्राण कंठाशी येणे, हा आजार वेगळा आहे. चेहऱ्याच्या चेतातंतूचे हे दुखणे दाताचे समजून लोक दात काढून घेतात. बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशींनी दोन चांगले दात काढून घेतले होते, कळ तशीच राहिली. कार्बामॅझेपिन नावाच्या गोळीने त्यांना आराम पडला. गोळी पुरली नाही तर तंतूवर दाब देणारी रक्तवाहिनी बाजूला करण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि ती मुंबई-पुण्यात होते. येथेही मुद्दा तोच. आधी निदान, मग हत्यार.

आप्पांचे काय झाले?

मुलाने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितले आणि आप्पांना तज्ज्ञांकडे नेले. निदान पक्के होते. गोळीचा गुण उत्तम येत होता, स्मरणशक्ती शाबूत होती. तज्ज्ञांनी गोळ्या दिवसातून तीनऐवजी पाच वेळा थोड्या थोड्या, आणि जेवणापासून दूर ठेवून घ्यायला सांगितल्या. मासे, डाळ, दूध यांतील प्रथिने गोळी अंगात जाण्याच्या आड येतात. एवढ्याने दिवसातले दोन-तीन तास मोकळे झाले. तुम्ही शस्त्रक्रियेला योग्य आहात, पण फार तर वर्ष-दीड वर्षात ठरवा, असेही त्यांनी सांगितले.

आप्पांनी मला विचारले, "डॉक्टर, तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हणालो, "मी केली असती. पण सगळी वाडी विकून नाही." आता ते निधीसाठी अर्ज करीत आहेत आणि वाडीचा रस्त्याकडचा तुकडा तेवढा काढण्याचा विचार आहे. निर्णय त्यांचा आहे. घाबरून आणि आंधळेपणाने तो होणार नाही, एवढेच मी पाहिले.

आप्पांचा मुलगा मुंबईत होता म्हणून हे झाले. ज्यांचे कोणी मुंबईत नाही त्यांचे काय? अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तेथे महिन्यातून एक दिवस मेंदूविकारतज्ज्ञाने फक्त कंपाच्या रुग्णांसाठी बसावे आणि तो दिवस म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, रोहा येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांना आधी कळवावा. त्याला नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. मांडव्याला बोटीने उतरून अलिबागला यायला मुंबईच्या डॉक्टरांना फार वेळ लागत नाही. तार बसवायला मुंबईला जावेच लागेल. पण कोणाला तारेची गरज आहे आणि कोणाला नाही, हे अलिबागला ठरू शकते. आमच्या लोकप्रतिनिधींनी एवढी एक मागणी लावून धरावी.

आणि वाचकांनी तोवर एक करावे. घरात कोणाचा हात एका बाजूने थरथरू लागला, सही बारीक झाली, चालताना एक हात हलेनासा झाला, तर 'वय झालं' म्हणू नये. डॉक्टरने तसे म्हटले, तर त्याला पुन्हा विचारावे. मला कोणी तसे विचारले असते, तर आप्पांचे सव्वा वर्ष वाचले असते.